पहिला थर

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कॉम्प्युटर नेटवर्क्स हा विषय असतो आणि त्यात ओएसआय मॉडेलचा प्रश्न हमखास येतो. नेटवर्कचे सात थर. सगळ्यांत वर ॲप्लिकेशन, सगळ्यांत खाली फिजिकल. आम्ही ते वरून खाली आणि खालून वर पाठ केले होते. मधल्या थरांसाठी रात्री जागवल्या. पहिल्या थराला, म्हणजे प्रत्यक्ष तार, तिचं टोक आणि ते टोक जिथे बसतं ते सॉकेट, यांना पुस्तकात चार-पाच पानं होती आणि ती सरांनी ‘वाचून घ्या’ म्हणून सोडून दिली. नोकरी लागल्यावर तर हा थर दिसेनासाच झाला. मी लिहिलेला कोड कुठल्या तरी डेटा सेंटरमधल्या मशीनवर चालतो. ते मशीन मी कधी पाहिलेलं नाही, त्याला कुठल्या रंगाची वायर लावली आहे हे मला ठाऊक असण्याचं कारण नाही. आमच्याकडे ‘नेटवर्क प्रॉब्लेम आहे’ हे वाक्य ‘पाऊस आहे’ या चालीवर म्हणतात. म्हणजे आपल्या हातात काही नाही, थांबा.

हा थर मला हाताने चाचपून बघायला मिळाला तो मामांमुळे.

मामांचं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून बिडाची कास्टिंग्ज येतात, त्यांचं टर्निंग, मिलिंग, ड्रिलिंग होतं आणि तयार नग ट्रॅक्टर-ट्रकवाल्यांकडे जातात. प्लॉटच्या पुढच्या अंगाला त्यांनी दोन मजली ऑफिस बांधायला घेतलं, आणि त्याच सुमारास त्यांच्या सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाइकाने नवी अट घातली. प्रत्येक नगावर क्रमांक हवा. तो नग कुठल्या मशीनवर, कधी, कुणी केला आणि मापं काय आली, ही नोंद मागितली की तिथल्या तिथे दाखवता आली पाहिजे. ऑडिटला सहा महिने होते. या गिऱ्हाइकाचं काम म्हणजे मामांचा जवळजवळ निम्मा धंदा. नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर त्यांनी विकत घेतलं होतं, पण ते चालायचं कशावर? शॉपमधलं जुनं नेटवर्क म्हणजे लागेल तशी ओढलेली वायर, आणि कैचीला बांधून टांगलेले पाच-आठ पोर्टांचे छोटे स्विच. आदल्या मे महिन्यातल्या वळिवात वीज जवळ कुठेतरी पडली आणि त्यांतले दोन एकदम गेले.

मामांनी तीन कोटेशनं माझ्यापुढे टाकली. “तू कॉम्प्युटरवाली. बघून सांग, ह्यातलं कुठलं बरं.”

सॉफ्टवेअर वेगळं आणि हे वेगळं, असं मी सांगून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, “अगं, मग शिकून घे की. चार दिवस आहेस ना?” मामा स्वतः उद्यमनगरात जुनी इंजिनं उघडत शिकलेले. शिकून घेण्याला चार दिवस पुरतात, अशी त्यांची खरंच समजूत आहे.

तिन्ही कोटेशनांची मांडणी सारखी होती. पहिल्या पानावर राउटर, त्याचा चकचकीत फोटो, अँटेना वर केलेल्या. मग स्विच, मग कॅमेरे. आणि शेवटी एका ओळीत: ‘कॅट ६ केबल, ७ बॉक्स’. कंपनीचं नाव नाही, तांब्याचा उल्लेख नाही. ‘रॅक, १ नग’. केवढा, कुठे, कशाचा, काही नाही. दोन कोटेशनांत टेस्टिंग हा शब्दच नव्हता.

मी एका कोटेशनाच्या कोऱ्या पाठीवर चार ओळी लिहिल्या. राउटर आणि वाय-फायचे डबे: ४-५ वर्षं. स्विच: ७-८ वर्षं. कॅबिनेट आणि पॅच पॅनल: १५ वर्षं. भिंतीतली वायर: निदान २० वर्षं. हे आकडे कुठल्या नियमातले नाहीत, ऑफिसांमध्ये साधारण जे दिसतं त्यावरून धरलेले आहेत. मुद्दा क्रमाचा होता. कोटेशनांत ज्याला सगळ्यांत जास्त जागा होती ते सगळ्यांत आधी भंगारात जाणार होतं. आणि जे काढायचं म्हटलं तर भिंती फोडायला लागतील, त्याला एक ओळ.

मामांनी कागद हातात घेतला आणि म्हणाले, “म्हणजे मशीन आणि फाउंडेशन.” मशीन पुढे बदलता येतं. त्याच्याखालचं काँक्रीट चुकलं तर नवं मशीनही थरथरत राहतं आणि मापं कधी बसत नाहीत. मी दोन तास जे शब्द शोधत होते ते त्यांनी दोन सेकंदांत काढले. पुढचे चार दिवस आम्ही त्याच हिशेबाने गेलो: बदलायला सगळ्यांत अवघड ते सगळ्यांत आधी.

वायरच्या जातींना कॅटेगरी म्हणतात, बाजारात ‘कॅट’. कॅट ५ई वरून १ गिगाबिटचा वेग १०० मीटरपर्यंत मिळतो. कॅट ६ वर १०० मीटरपर्यंत तोच वेग खात्रीने मिळतो आणि अंतर ५५ मीटरच्या आत असेल तर १० गिगाबिटही निघतो. कॅट ६ए वर १० गिगाबिट पूर्ण १०० मीटर जातो, पण ती जाड, ताठ आणि महाग. तिला पाइप मोठा लागतो आणि वळण मोठं लागतं. हिशेबाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला १ गिगाबिट कधी कमी पडत नाही. सीएनसी मशीनच्या कंट्रोलरला तर १०० मेगाबिट झेपलं तरी खूप. म्हणजे आजच्या गरजेला कॅट ५ई पुरली असती. पण आज बांधलेल्या भिंतीत २० वर्षांसाठी वायर घालायची, तर दोन कॅटेगरींच्या किमतीतला फरक मजुरीपुढे किरकोळ. पाइप, खोदाई, माणसं यांचा खर्च तेवढाच राहतो. आम्ही सगळीकडे कॅट ६ धरली आणि वाय-फायच्या डब्यांसाठी तेवढी ६ए, कारण उद्या वेग तिथे वाढणार.

१०० मीटरचंही नीट समजून घ्यावं लागतं. त्यातले ९० मीटर भिंतीतल्या कायमच्या वायरचे आणि १० मीटर दोन्ही टोकांच्या सुट्या पॅच कॉर्डचे. वायर सरळ रेषेत जात नाही. ती वर चढते, छताच्या कडेने वळते, खाली उतरते. नव्या ऑफिसपासून शॉपमधलं शेवटचं मशीन डोळ्याला जवळ दिसायचं. टेपने मार्ग मोजला तर १३० मीटर भरला. तिन्ही कोटेशनांत ऑफिसात एकच रॅक होता आणि तिथूनच सगळीकडे वायर जाणार होती. म्हणजे शेवटची तीन मशीनं पहिल्या दिवसापासून अधूनमधून गायब झाली असती आणि दोष सॉफ्टवेअरवर आला असता.

आता त्या सात खोक्यांबद्दल. ज्यांचं कोटेशन सगळ्यांत स्वस्त होतं ते गृहस्थ मामांचे तालमीतले दोस्त. पूर्वीचं सगळं कामही त्यांनीच केलेलं. त्यांनी विश्वासाने दोन खोकी आधीच आणून ठेवली होती. इतरांच्या मानाने सातांमागे साधारण ३० हजारांचा फरक पडत होता. मी आंतरजालावर कॉपर-क्लॅड ॲल्युमिनियमबद्दल वाचलं होतं: आत ॲल्युमिनियमची तार, वर तांब्याचा पातळ मुलामा. दिसायला तांबं. पण नेटवर्क केबलच्या मानकांना शुद्ध तांबंच लागतं, ही तार त्यांत बसत नाही, खोक्यावर कॅट ६ छापलेलं असलं तरी. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. ती वाकवताना लवकर तुटते आणि टोकाशी हळूहळू सैल पडते. कॅमेऱ्याला वीजसुद्धा याच वायरीतून द्यायची असेल तर जास्त रोध म्हणजे जास्त उष्णता, आणि लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत पोचेस्तोवर कमी व्होल्ट.

हे मामांना कसं सांगायचं याचा मी एक संध्याकाळभर विचार केला. तीस वर्षांचा दोस्त. माझं ज्ञान चार दिवसांचं. शेवटी मी फक्त खोक्यावरचे आकडे वाचून दाखवले. २३ एडब्ल्यूजी, म्हणजे एका तारेचा व्यास साधारण ०.५७ मिलिमीटर. आत आठ तारा. लांबी ३०५ मीटर. “मामा, ह्यात तांबं किती किलो असायला पाहिजे?”

असा प्रश्न मामांना विचारला की त्यांना खुर्चीत बसवत नाही. एका तारेचा छेद ०.२५५ चौरस मिलिमीटर, आठांचा मिळून २.०४, गुणिले ३०५ मीटर म्हणजे ६२२ घन सेंटिमीटर. तांब्याची घनता ८.९६. साडेपाच किलोच्या थोडं वर. पीळ घातलेला असल्याने तार प्रत्यक्षात जरा जास्तच लागणार. त्यावर प्लॅस्टिक आणि खोकं धरून दहा-अकरा किलो तरी भरायला हवं. मामा स्वतः खोकं उचलून डिस्पॅचच्या काट्यावर घेऊन गेले. सात किलो दोनशे.

त्यांनी खिशातला चाकू काढला, टोक सोललं आणि एक तार पात्याने खरवडली. लाल कवचाखाली पांढरी चकाकी आली. दुसरी खरवडली, तिसरी खरवडली. येणाऱ्या प्रत्येक कास्टिंगच्या लॉटबरोबर हा माणूस रिपोर्ट मागतो, कार्बन किती, सिलिकॉन किती. वायरचं खोकं मात्र त्यांनी त्यावरचं छापील वाचून ठेवून घेतलं होतं, कारण ते ‘कॉम्प्युटरचं’ होतं. कॉम्प्युटरचं म्हणजे आपल्याला न कळणारं. तेही धातूचंच आहे, हे काट्यावर ठेवेपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोस्त आले. चहा झाला. मामा त्यांना काट्यापाशी घेऊन गेले. शेजारी दुसऱ्या दुकानातून आणलेलं शुद्ध तांब्याचं खोकं ठेवलेलं होतं. मामा काही बोलले नाहीत, एकेक करून दोन्ही काट्यावर ठेवली. दोस्तांनी आकडे बघितले, मग चाकूने खरवडलेली तार बघितली. “मला वरून जसं आलं तसं मी दिलं रे.” ते खरं असावं असं मला वाटलं; त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, ओशाळलेपण होतं. मामा म्हणाले, “असू दे. ह्यापुढं येताना वजन करून घेत जा. काम तुझंच आहे. खऱ्या तांब्याचा भाव लाव आणि तुझा फायदा कमी करू नको.” मी हे बघत उभी होते. मला वाटलं होतं की खरं सांगितलं की एक तर दोस्ती जाईल, नाही तर वायर तशीच राहील. तिसरी वाट असू शकते हे मला सुचलं नव्हतं.

पीळ हा शब्द वर आला. नेटवर्कच्या वायरीत आठ तारा चार जोड्यांनी असतात आणि प्रत्येक जोडीला पीळ दिलेला असतो. ही युक्ती कॉम्प्युटरच्या आधीची. टेलिफोनच्या तारांमध्ये खरखर येऊ नये म्हणून ग्रॅहॅम बेलने १८८१ साली तिचं पेटंट घेतलं. जोडीतल्या एका तारेवर सिग्नल जातो आणि दुसरीवर त्याचा नेमका उलटा. पलीकडचं यंत्र दोघांमधला फरक वाचतं. बाहेरून आलेला गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडला तर वजाबाकीत तो उडून जातो. सारखा पडावा म्हणून पीळ. कधी ही तार गोंगाटाच्या जवळ, कधी ती. चारही जोड्यांचा पीळ कमी-जास्त ठेवतात, नाही तर शेजारच्या जोड्या एकमेकींचं बोलणं ऐकू लागतात. टोकाला जॅक लावताना हा पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उकलायचा नाही.

शॉपमध्ये गोंगाटाला तोटा नाही. मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह सेकंदाला हजारो वेळा करंट चालू-बंद करतात आणि त्यांच्या केबलमधून तो आवाज सगळीकडे पसरतो. म्हणून पॉवरची केबल आणि डेटाची केबल एका ट्रेमधून न्यायची नाही, ओलांडायचीच झाली तर काटकोनात. दोन्हींना मध्ये पडदी असलेले वेगळे मार्ग. मशीनजवळच्या वायरी आम्ही शील्डेड घेतल्या, पण शील्डला अर्थिंग नीट दिलं तरच तिचा उपयोग. सोडून दिलेली शील्ड स्वतःच अँटेना बनते. त्यामुळे आधी अर्थिंगचं काम, मग वायर.

ऑफिस आणि शॉप यांच्यामध्ये मात्र तांबं नकोच, असं ठरलं. दोन इमारतींचं अर्थिंग कधी तंतोतंत सारखं नसतं. मध्ये तांब्याची तार टाकली की तो फरक त्या तारेतून वाहायला बघतो. आणि वळिवात वीज जवळ पडली की त्याच तारेत उसळी येऊन दोन्ही टोकांची यंत्रं जातात. मे महिन्यातले दोन स्विच गेले ते बहुधा असेच. दोन्ही एकाच वायरच्या टोकांना होते. काचेच्या तंतूतून वीज जात नाही, फक्त उजेड जातो. आम्ही सहा तंतूंची सिंगल मोड फायबर टाकली. दोन वापरात, चार शिल्लक. घराघरांत फायबरचं इंटरनेट आल्यापासून ही केबल सहज मिळते आणि ती जोडणारा माणूसही गावोगावी असतो. उद्या वेग वाढवायचा झाला तर टोकाचे मॉड्यूल बदलायचे, जमिनीतली काच तीच.

शॉपमध्ये स्वतंत्र कॅबिनेट आलं आणि तिथे मी आयुष्यात पहिल्यांदा पत्र्याच्या पेटीचा इतका विचार केला. नेटवर्कच्या सगळ्या रॅकची रुंदी १९ इंच असते. अमेरिकेतल्या टेलिफोन एक्स्चेंजांत शंभरएक वर्षांपूर्वी रुळलेलं हे माप अजून चालतं. उंची यू मध्ये मोजतात, एक यू म्हणजे पावणेदोन इंच. कोटेशन देणाऱ्यांपैकी एकाला विचारलं तर म्हणाले, सहा यूचा घ्या, पुरतो. मी ऑफिससाठी यादी केली: २४ पोर्टांची पॅच पॅनल दोन, वायरी सावरणारे केबल मॅनेजर दोन, स्विच दोन, फायबरची पेटी एक, राउटरसाठी फळी एक, विजेची पट्टी एक, कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला दोन यू. अकरा झाले. त्यात पुढची वाढ धरून १५ यू. आर्किटेक्टने त्यासाठी जागा ठेवली होती पॅन्ट्रीत, वॉटर प्युरिफायरच्या खाली. ती हलवून अकाउंट्सच्या खोलीच्या कोपऱ्यात आणायला मला मामींची मदत घ्यावी लागली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “फिल्टर गळला तर?” आणि विषय संपला.

शॉपमधला प्रश्न धुळीचा. बीड कापताना जी बारीक काळी धूळ उडते तिच्यात लोखंड आणि ग्रॅफाइट दोन्ही असतं आणि दोन्हींतून वीज वाहते. ही धूळ सर्किट बोर्डावर बसली की नुसती घाण होत नाही, नको तिथे जोडणी होते. नेहमीच्या रॅकला वर पंखे आणि बाजूला जाळ्या असतात. ऑफिसात ते योग्य. इथे ते पंखे दिवसरात्र धूळ आत ओढणार. म्हणून आयपी ५५ ची बंद पेटी घेतली; त्यातला पहिला ५ धुळीचा, दुसरा पाण्याच्या फवाऱ्याचा. पण बंद पेटीत उष्णता कोंडते आणि ऑफिसातला साधा स्विच बहुधा ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी केलेला असतो. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली त्या पेटीत काय होईल ते सांगायला नको. म्हणून आत पंखा नसलेला इंडस्ट्रियल स्विच, जो ७५ अंशांपर्यंत तग धरतो, आणि पेटी गरजेपेक्षा मोठी, म्हणजे पत्र्यातून उष्णता बाहेर जायला जागा जास्त. ऑफिसच्या स्विचहून तो बराच महाग पडला. इथे मात्र मामांनी घासाघीस केली नाही. त्या धुळीने आणि उन्हाने मशीनांची किती कार्डं खाल्ली आहेत, याचा हिशेब त्यांच्याकडे होता.

स्विच निवडताना नुसते पोर्ट मोजून भागत नाही. कॅमेरे आणि वाय-फायचे डबे वायरीतूनच वीज घेतात, त्याला पीओई म्हणतात. एका कोटेशनात शॉपसाठी १६ पोर्टांचा पीओई स्विच होता. बारीक अक्षरात लिहिलं होतं: एकूण १२० वॉट. शॉपमध्ये नऊ कॅमेरे, रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की प्रत्येकी दहाएक वॉट, म्हणजे ९०. दोन वाय-फाय डबे प्रत्येकी २० वॉट. झाले १३०. दिवसा सगळं सुरळीत, आणि रात्री अंधार पडला की एखादा कॅमेरा बंद. पुन्हा सकाळी तंत्रज्ञ आला की सगळं ठीक! असले आजार शोधायला महिने जातात.

दुसरी गोष्ट, स्विच मॅनेज्ड हवा. साध्या स्विचमध्ये कुणी रिकामी दिसली म्हणून एका वायरीची दोन्ही टोकं भिंतीत खोचली तर तेच संदेश गोल गोल फिरत राहतात आणि सगळं नेटवर्क आडवं होतं. मॅनेज्ड स्विच असा फेरा ओळखून तो पोर्ट बंद करू शकतो. आणि त्यात भिंती घालता येतात: मशीनं वेगळी, कॅमेरे वेगळे, ऑफिस वेगळं, पाहुण्यांचं वाय-फाय वेगळं. मामांच्या दोन मशीनांच्या कंट्रोलरमध्ये अजून विंडोज एक्सपी आहे, जिचा मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ पासून आधार काढून घेतला. मशीन उत्तम चालतंय, ती बदलणं म्हणजे लाखोंचा खर्च. मग निदान तिच्यापर्यंत कुणाचा मोबाइल पोचणार नाही एवढं करता येतं.

माझा मामेभाऊ पुण्यात शिकतो. त्याचं म्हणणं, आता वायर कोण टाकतं, सगळं वाय-फायवर करा. मी त्याला एवढंच विचारलं की वाय-फायचा डबा छताला लावणार, त्याच्यापर्यंत नेट कुठून येणार? सगळ्या बिनतारी गोष्टींच्या मागे दहा-वीस मीटरवर कुठेतरी एक तार असतेच. आणि चहूबाजूंनी लोखंड असलेल्या शेडमध्ये रेडिओलहरी कुठून कशा उलटतील ते सांगता येत नाही. टॅब्लेट घेऊन फिरणाऱ्या तपासनिसाला वाय-फाय, जागेवर उभ्या मशीनला वायर. तो म्हणाला, “तू तर एकदम मामांसारखी बोलायला लागलीस, ताई.”

हे सगळं कागदावर. प्रत्यक्ष ५४ पॉइंट टाकले ते एका वायरमनकाकांनी आणि त्यांच्याबरोबरच्या दोन पोरांनी. मी सुट्टी वाढवून घेतली होती, घरून काम करत करत त्यांच्यामागे फिरत होते. वायर ओढताना जोर लावायचा नाही, पीळ ताणला जातो. वळण वायरीच्या जाडीच्या चौपटीहून लहान घ्यायचं नाही. प्लॅस्टिकच्या टायने जुडगा आवळायचा नाही, वेल्क्रोची पट्टी सैलसर गुंडाळायची. मी हे वाचून आले होते. काका ते आधीपासून करत होते. फक्त त्यांना कारण कुणी सांगितलेलं नव्हतं. “जुन्या साहेबांनी असं शिकवलं” एवढंच. मी पिळाचं गणित सांगितलं तेव्हा ते थांबून ऐकत राहिले आणि मग त्या दोन पोरांना हाक मारून मला म्हणाले, “ताई, परत एकदा सांगा, ह्यांना पण.”

त्यांच्याकडे टेस्टर होता तो आठ दिव्यांचा. आठ दिवे ओळीने लागले की वायर पास. पण हा टेस्टर टोकं जुळली का एवढंच बघतो. एका जोडीतली एक तार दुसऱ्या जोडीतल्या तारेबरोबर लावली आणि दोन्ही टोकांना तसंच केलं, तरी आठही दिवे लागतात. पीळ मात्र वाया जातो. ते पकडायला केबलचा वेग आणि गोंगाट मोजणारं यंत्र लागतं, ज्याला बाजारात सरसकट ‘फ्लूक टेस्ट’ म्हणतात. ते लाखोंचं असतं, पण पॉइंटमागे पैसे घेऊन तपासून देणारे असतात. शेवटच्या हप्त्याचे पैसे त्या रिपोर्टनंतर, असं मी ऑर्डरमध्ये घालायला लावलं होतं. काकांना आधी तो अपमान वाटला. ५४ पैकी ५१ पहिल्या फटक्यात पास झाले. उरलेल्या तिनांचे जॅक त्यांनी पुन्हा बसवले, तेही झाले. मग त्यांनी हळूच विचारलं, “ह्या रिपोर्टची एक झेरॉक्स मला मिळेल का? पुढच्या पार्टीला दाखवायला.” २२ वर्षं ते हे काम करत होते आणि काम चांगलं असल्याचा कागद त्यांच्या हातात पहिल्यांदा येत होता. मी रंगीत प्रिंट काढून बाइंडिंग करून दिली.

ऑडिट ठरल्या दिवशी झालं. ऑडिटरने शॉपमधून फिरता फिरता एका पेटीतला नग उचलला, त्यावरचा क्रमांक वाचला, आणि टॅब्लेटवर त्याचं मशीन, पाळी, ऑपरेटर आणि सहा मापं उमटली. त्याने अजून चार उचलले. मग चहा घेतला, सही केली. कॅबिनेटकडे त्याने बघितलंही नाही, आणि बघण्याचं काही कारणही नव्हतं. सॉफ्टवेअरवाल्या कंपनीचं त्याने तोंडभरून कौतुक केलं, हे मामांनी मला फोनवर हसत हसत सांगितलं.

दोन्ही कॅबिनेटच्या दारांना आतून एकेक नकाशा चिकटवला आहे. कुठला पॉइंट कुठल्या टेबलाशी, कुठल्या मशीनशी, किती मीटर, कधी टाकला. वायरीच्या दोन्ही टोकांना तोच क्रमांक. खाली वायरमनकाकांचं नाव आणि मोबाइल नंबर, त्यांच्याच अक्षरात. आणि प्रत्येक पाइपात वायरींबरोबर एक नायलॉनची दोरी मोकळी सोडलेली आहे. ती काकांची कल्पना. अजून दहा-बारा वर्षांनी कुणाला नवी वायर टाकायची झाली तर तिला ती बांधून नुसती ओढायची, भिंत फोडावी लागत नाही. फक्त ओढताना वायरीबरोबर नवी दोरीही बांधायची, असं त्यांनी नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं आहे. म्हणजे त्याच्या पुढच्याला ती मिळेल.